सरकी, बोंड्या आणि समुद्र

भडगाव
धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, १९६८

चि. कुंदा,

आशीर्वाद खाली लिहीन. आधी बोलणी खा.

तीन वर्षांनी कार्ड टाकलंस. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा वाटलं, चला, नातीला आजी आठवली. उलटंपालटं करून दोनदा वाचलं. आजी फक्त पत्त्यात होती. आत बठ्ठी मांजरंच मांजरं.

मला समजलं ते असं. बरोबर आहे का बघ. रतिलालला आफ्रिकेत, युगांडा नावाच्या मुलखात, कापसातून सरकी काढायच्या जिनात फिटरची नोकरी लागली, धुळ्यात करतो तशीच. अक्षय्यतृतीयेची आखाजी झाली की मुंबईहून जहाज. मग उतरून दोन दिवस आगगाडी. तुला सरकी आणि बोंड्या दोघांना बरोबर न्यायचं आहे. जहाजवाल्यांना दाखला लागतो म्हणून त्यांना टांग्यातून गुरांच्या दवाखान्यात नेलंस, तर सरकीच्या तोंडाला फेस आला आणि बोंड्याने टोपलीत घाण केली. डॉक्टर म्हणाला, टांग्यात ही गत, तर जहाजात मरतील. दाखला दिला नाही. महिनाभराने पुन्हा आणा, शांत राहिली तर बघू म्हणाला. आणि ती मागे राहणार असतील तर तूही जाणार नाहीस, असं रतिलालला सांगून बसलीस.

नवऱ्याला असं सांगायची अक्कल तुला कोणी दिली ते मला ठाऊक आहे. तुझ्या आजोबांना मी अशीच छळायचे.

आणि खाली लिहिलंस, "तुला मांजरं न्यायची सवय आहे, म्हणून विचारते." नाक वर करून लिहिलंस ते अक्षरावरून दिसतं.

हो, आहे सवय. गावात ज्याच्या घरी मांजर जड झालं त्याने धुरपदाबाईला हाक मारायची, हे तू लहानपणी बघितलं आहेस. पोत्यात घालायचं, गिरणा नदी ओलांडायची, पलीकडच्या मळ्यात सोडायचं. वीस तरी नेली असतील. एकही वाटेत ओरडलं नाही. बाया म्हणायच्या, धुरपदाबाईच्या हातात जादू शे. जादू कसली. ज्याला भ्यायला लावायचं नाही त्याला आधी भीती कशाची वाटते ते बघायचं, एवढंच.

तुझ्या चिमीलाही मीच नेलं आणि तुला सांगितलं पळून गेली. तीन वर्षांपूर्वी आखाजीला झोक्यापाशी शेजारच्या तोतारामने थट्टेत तोंड उघडलं, आणि तू दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने धुळ्याला गेलीस ती आजपर्यंत. कार्डात तू त्याचं काही विचारलं नाहीस, तर मीही सांगत नाही. मांजरांचं सांगते.

टोपली फेकून दे. बांबूच्या दोन करंड्या आण, झाकणाच्या. दोघांना एकीत कोंबू नको. भ्यालेलं मांजर सख्ख्या भावालाही ओरबाडतं. करंड्या घरात आणून ठेव आणि विसरून जा. झाकण काढून लांब ठेव. आत तुझं नेसून मळलेलं लुगडं घाल, धुऊ नको. जेवण करंडीजवळ ठेव, मग काठावर, मग आत. उचलून आत घालायचं नाही. तू त्यांना टांगा आला तेव्हाच टोपलीत घातलंस, होय ना? मग त्यांना टोपली म्हणजे फासाचा दोर वाटली तर चूक त्यांची काय.

आफ्रिकेत मांजरं नसतात का, हे विचारणार होते. विचारत नाही.

घे आशीर्वाद. रतिलालला पण.

तुझी आजी
धुरपदाबाई


भडगाव
गुढीपाडवा

चि. कुंदा,

या वेळी आंतर्देशीय पाठवलंस. सुधारलीस.

सरकी करंडीत झोपते हे वाचलं. बोंड्या नुसता काठाला नाक लावून परत जातो म्हणतेस. बोके असेच असतात, घरातली पुरुषमाणसं बघ. नवी खाट आली तरी आठ दिवस जमिनीवर झोपतील आणि मग कोणाला बसू देणार नाहीत. त्याला बोलावू नको. तू आपली करंडीकडे पाठ करून निवडटिपण करत बस. येईल.

तुझ्या सासूचं बोलणं वाचलं. लोक लेकरं घेऊन परदेशी जातात, आमची सून मांजरं घेऊन चालली. तिला म्हणावं, माझी आजी विचारते, तुम्हाला पाच लेकरं, त्यातलं कोण तुमच्या पायाशी येऊन झोपतं? हे तू बोलू नको. तुला तिथे अजून महिना काढायचा आहे. मला सांगितलंस, मी बोलले, झालं तुझं.

पण एक गोष्ट तू पहिल्यांदाच लिहिलीस. डोळे न उघडलेली दोन पिल्लं जिनातल्या सरकीच्या ढिगात सापडली आणि तू त्यांना कापसाच्या वातीने दूध पाजलंस. दिवसा दर तासाला, रात्री दोनदा. मला वाटत होतं, जिनातली उंदरांवरची मांजरं असतील, कशाला एवढा हट्ट. वातीने पाजलेलं मागे ठेववत नाही. बरं.

आता पुढचं. दोघं आत बसायला लागली की झाकण लाव, अर्धी पोळी भाजेपर्यंत. काढ. मग पूर्ण पोळी. मग एक तवा भाकरी. ओरडलं तरी ओरडताना झाकण काढायचं नाही, गप्प झालं की काढायचं. नाहीतर ओरडलं की सुटतो हे ते दोन दिवसांत शिकतं. पोरांचंही तसंच आहे, पण तू स्वतःला मला वाढवू दिलं नाहीस, म्हणजे तुला वाढवताना मी काय केलं ते तूच जाण.

मग करंडी उचलून घरात फीर. मग ओट्यावर. मग रतिलालला सांग, रोज दुपारी जिनाच्या इंजिनाजवळ घेऊन बस. आधी लांब, मग जवळ. जहाजाच्या पोटात म्हणे असंच धडधडत असतं. हे मला तोतारामने सांगितलं. तो जहाजात कधी बसला ते विचारलं तर म्हणे, "काकू, मना साडू बसेल शे." म्हणजे साडूच्या अकलेवर चाललंय.

आणि पोत्यातल्या मांजराला मी वाटेत तीन गिरक्या देत असे, ते तू कोणाकडून ऐकलंस आणि करू का विचारलंस. बिलकुल करू नको. ती गिरकी परतीची वाट विसरावी म्हणून असते. तुझ्या मांजरांना वाट विसरायची नाही. त्यांना तुझ्याबरोबर जायचं आहे.

तुझी आजी


भडगाव
रामनवमीनंतर दोन दिवसांनी

चि. कुंदा,

तोताराम कोर्टाच्या तारखेला धुळ्याला येतोय, त्याच्याबरोबर हे पाठवते. त्याच्याशी नीट बोल. तोंड त्याने उघडलं, पण पोतं त्याने धरलं नव्हतं.

गोणीत राख आहे. हसू नको. माझ्या चुलीची, चाळलेली. मांजर नव्या मातीत बसायला तयार होत नाही, कोंडून घेतं आणि पोट फुगतं. आतापासून हीच राख पत्र्याच्या डब्यात ठेव. जहाजातही हीच, युगांड्यातही पहिले दिवस हीच. मग रोज मूठभर तिथली माती मिसळत जा. रतिलाल म्हणेल, लोक परदेशी लोणची नेतात. त्याला म्हण, लोणचं मांजराच्या काय कामाचं.

पुडीत चार बारीक गोळ्या आहेत, मोहरीएवढ्या. दवाखान्यात न्यायच्या आधी एकेकाला एक, लोण्यात. त्यांना ग्लानी येईल. आपलं जुनं औषध आहे. नाव विचारू नको, तुला आवडणार नाही आणि रतिलाल शिकलेला आहे. तुझी आईसुद्धा त्याच गोळीवर झोपायची.

आता कामाचं. टांगा झाला, इंजिन झालं, पण लांबचा प्रवास झालेला नाही. एकदम समुद्रावर घालशील का? आधी बसने तीन-चार तास नेऊन बघायला हवं. धुळ्याहून तेवढ्या अंतरावर कुठलं गाव आहे, तू बघ. पारोळ्यावरून येणारी गाडी भडगावला येते एवढं मला ठाऊक आहे. आखाजीच्या आदल्या दिवशी गाडीला गर्दी असते, सगळ्या लेकी माहेरी येत असतात. मांजरांना गर्दीची सवय होईल.

मी मांजरांसाठी म्हणते.

तोताराम जाताना विचारत होता, "आखाजीले येई का पोर?" मी म्हटलं, "माले काय विचारस, मी काय भविष्य सांगस?"

तुझी आजी


भडगाव
हनुमान जयंती

कुंदा,

तुझं पत्र आलं. तीनच ओळी.

गोळी दिल्यावर सरकी झोपली नाही. वेड्यासारखी भिंतीवर चढली, रतिलालचा हात फाडला, कौलांवरून जिनाच्या पत्र्यावर गेली आणि तीन दिवस झाले दिसली नाही. बोंड्याला तू दिली नव्हतीस, तो करंडीत बसून आहे. खाली लिहिलंस, "आजी, तू माझी दोन मांजरं घालवलीस."

ती अफू होती.

आमच्या वेळी बाया तान्ह्या पोराला अफू चाटवून झोळीत घालायच्या आणि खुरपायला जायच्या. मी तुझ्या आईला दिली, तुझ्या मामाला दिली. पोरं झोपायची. पोराला झोपवतं ते मांजराला झोपवेल, असं मी धरून चालले. वीस मांजरं नेली त्यांतल्या एकालाही कधी दिली नव्हती. हे खरं. तुझ्या मांजरांना काही होऊ नये म्हणून जास्तीची हुशारी केली आणि तीच नडली.

उरलेल्या गोळ्या चुलीत टाक. सरकीला शोधायला शिट्ट्या मारत, डबे वाजवत फिरू नका. रतिलालला पत्र्यावर चढू देऊ नको. बोंड्याला घराबाहेर नेऊ नको. बाकी काही करू नको.

मी उद्याच्या गाडीने येतेय. तू बोलू नको माझ्याशी, मी बोलायला येत नाही. मांजर शोधायला येतेय.

आजी


भडगाव
चैत्र वद्य, शुक्रवार

चि. कुंदा,

काल तुझ्याकडून आले. पाय सुजलेत, म्हणून बसून लिहिते.

पाच दिवस तुझ्या घरी होते आणि आपण दोघी मिळून पंधरा शब्द बोललो. त्यातले चार "चहा घे" आणि "ठेव तिथे". म्हणून वाटलं, तिथे काय झालं ते तरी तुला सांगावं. तू ओट्यावरून बघायचीस, पण ऐकायला येत नव्हतं.

तुम्ही दोघं सरकीला रस्त्यावर, वखारीत, स्टेशनापर्यंत शोधत होतात. भ्यालेलं मांजर लांब जात नाही. जिथे डोळे उघडले तिथे जाऊन दडतं. म्हणून मी सरकीच्या ढिगाजवळ बसले, तुझं मळकं लुगडं अंथरून, करंडी शेजारी आडवी ठेवून, ढिगाकडे पाठ करून. तुमचा पहारेकरी निंबा पहिल्या दिवशी आला आणि म्हणाला, "माय, बठ्ठा दिन आठेच बसशी का?"

मी म्हटलं, "मी तुनं काय खाई राहिनी?"

"मालक रागवतीन."

"मालकले सांग, कुंदानी आजी शे. तिले उचलानं असीन तं चार मानसं लागतीन."

मग तो रोज येऊन बसायला लागला. त्याच्या सुनेच्या तक्रारी मला पाठ झाल्या. सून बरी आहे, त्यालाच कळत नाही, असं मी त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे पाठ करून बसला, पण आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीला यंत्रं थांबली. एकदम गप्प झालं सगळं. मला मागे ढीग सळसळल्यासारखा वाटला. निंबा उठायला लागला, तर मी त्याचं धोतर धरून खाली बसवला. वळून बघितलं नाही. सरकी माझ्या पाठीमागे आली, लुगड्याचा वास घेतला, माझ्या पाठीला डोकं घासलं असेल-नसेल, आणि सरळ करंडीत जाऊन बसली. महिनाभर ती करंडी तिचं अंथरूण होती. मी धरली नाही, ओढली नाही. अंगाचं चामडं राहिलं होतं नुसतं, पण डोळे ठिकाणावर होते. मी झाकण लावलं आणि करंडी तुझ्या हातात आणून दिली.

संध्याकाळी माझ्या ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा होता. आधीच्या दोन दिवसांत नव्हता. समजले मी.

मग चौथ्या दिवशी दवाखाना झाला. दोघं करंडीत अशी बसली होती जशी लग्नाला आलेली व्याही मंडळी. डॉक्टरने दाखला दिला. त्याने तुला विचारलं, काय युक्ती केलीत? तू म्हणालीस, "आजीने सांगितलं." मी बाहेर टांग्यात होते, पण दवाखान्याला खिडकी आहे.

आता चिमीचं. पाच दिवस तुझ्यासमोर होते, तोंडातून निघालं नाही. लिहिताना बरं असतं, समोरचा मधे बोलत नाही.

तुला वाटत असेल काही मोठं कारण असेल. नव्हतं. दूध सांडलं म्हणून नेली, असं मी मनाशी म्हणत आले, पण दूध तर ती रोज सांडायची. तुझी आई जाऊन वर्ष झालं होतं. तुझ्या बापाने दुसरं लग्न केलं आणि तुला माझ्याकडे आणून सोडलं. दहा वर्षांची होतीस. माझ्याशी हूं का चूं नाही. सगळं त्या मांजरीच्या कानात. रात्री मी गोधडी उघडून ठेवायची, आणि तू बाई मांजरीला घेऊन धान्याच्या कोठीमागे. मला वाटलं, मांजर गेली की पोर माझ्याकडे येईल. माझीही पोर गेली होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

म्हणून नेली. आणि तू आली नाहीस. कोठीमागे एकटीच झोपायला लागलीस.

दुसऱ्या दिवशी मी नदीपार गेले. तिसऱ्या दिवशी पण. मळेकऱ्याने विचारलं, काय हरवलं? मी म्हटलं, विळा. चिमी मिळाली नाही. त्यानंतर गावात कोणीही हाक मारली तरी मी पोतं उचललं नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगायचे.

हे असं आहे. माफी वगैरे मागायला मला येत नाही, मागितली तरी ती खोटी वाटेल. झालं ते सांगितलं.

आखाजीला यायचं असलं तर ये. नसलं तर मांजरांना पारोळ्यापर्यंत तरी नेऊन आण. बसची सवय हवीच.

तुझी आजी


भडगाव
आखाजीनंतर तिसरा दिवस

चि. कुंदा,

हे पत्र रतिलालच्या मामेभावाच्या परळच्या पत्त्यावर टाकते. तोताराम म्हणतो, आज टाकलं तर जहाजाआधी पोचेल. त्याच्या साडूचा अनुभव असेल.

तू रागावून गेलीस. मला माहीत आहे. तुझ्या पाठीवरून दिसलं. म्हणून हे घाईने लिहिते. तुझ्या मनात हे घेऊन तू समुद्र ओलांडावास असं मला नको आहे.

आलीस, ते बरं केलंस. गाडीतून उतरलात तेव्हा तुझ्या मांडीवर सरकी, रतिलालच्या मांडीवर बोंड्या. तो आपला हातावरची नखांची खूण सगळ्यांना दाखवत होता, लढाईवरून आल्यासारखा. जावई चांगला आहे. मी त्याला कधी म्हणाले नाही, तू सांग.

दोन दिवस घर भरल्यासारखं वाटलं. सांजोऱ्या मी केल्या त्या कडक झाल्या होत्या, तू खाल्ल्यास. बोंड्याने आमरसाच्या पातेल्यात तोंड घातलं तेव्हा मी काही बोलले नाही, हे तुझ्या ध्यानात आलं असेल. पंधरा वर्षांपूर्वी बोलले असते. दोघं घरावरच्या धाब्यावर ऊन खात पडली होती, जणू त्यांचंच माहेर.

आणि तू झोक्यावर बसली होतीस. बाकीच्या पोरी गाणी म्हणत होत्या. तू एकदम झोका थांबवून म्हणालीस, "आजी, चिमी मेली असेल का गं?"

मी म्हटलं, "मेलीच असेल. पंधरा वर्षं झाली. मांजर आहे, पिंपळ नाही."

तू हसायला लागलीस. इतकी हसलीस की मला आधी रडतेयस वाटलं. मग म्हणालीस, "झोका दे." मी दिला. कंबर आता दुखते, ती त्यानेच.

आता काल सकाळचं. तुम्ही निघालात. करंड्यांची झाकणं लागली. तू नमस्कार करायला मला शोधत होतीस. मी म्हैस बघून येते म्हणून मागे गेले, आणि आले नाही. तू परसापर्यंत येऊन हाक मारलीस. दोनदा. मी ओ दिली नाही. मग रतिलाल म्हणाला, "गाडी चुकेल." मग तू पायऱ्या उतरलीस, आणि उतरताना म्हणालीस, "शेवटच्या वेळी तरी दारात यायचं होतं हिने."

कुंदा, करंडीचं झाकण लागल्यावर मागे राहणाऱ्या माणसाने दिसू नये. हे तुला मी लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर तू ऐकलं नसतंस, मला हाताला धरून पुढच्या दारात आणलं असतंस. घरातलं ओळखीचं माणूस मागे रडलं, हाक मारली, की आतल्या मांजराला कळतं की आपल्याला नेतायत. मग ते झाकणाला नखं लावतं आणि वाटभर ओरडतं. पाटलाच्या सुनेचं मांजर मी नेत होते तेव्हा ती मागे धावत आली होती, नदीपर्यंत. ते एकच मांजर पोत्यात ओरडलं. वीस नेली त्यांतलं एकच. पहिल्या पत्रात मी एकही ओरडलं नाही असं लिहिलं, ते फुशारकीने.

दोन दिवसांत सरकी माझ्या मांडीवर बसायला लागली होती. तिला माझा आवाज कळतो. मी दारात आले असते तर माझ्याने गप्प राहवलं नसतं. मला माझं ठाऊक आहे.

मी धाब्यावर होते. शिडीने चढले, या वयात. म्हणून तर पाय धरलाय. धाब्याच्या कठड्याआड बसले होते. तुम्ही पार ओलांडलात, पाटलाची वखार ओलांडलीत. तुझा हात झाकणावर होता आणि तू वाकून आत काहीतरी सांगत होतीस. मी कान देऊन ऐकत होते. दोघांपैकी एकानेही आवाज केला नाही. गाडीचा भोंगा वाजला, धुरळा उडाला, तोपर्यंत नाही. तेवढं ऐकून मी उतरले. उतरायला वेळ लागला. शेजारच्या प्रमिलाबाईने खालून शिडी धरली आणि काय करत होतात वर विचारलं, तर मी म्हटलं, वाळवण बघत होते. वाळवण घातलेलंच नव्हतं.

जहाजावर मांजरांची जागा वर असते म्हणालीस. दिवसातून दोनदा जा. उन्हाची बाजू असेल तर ओलं फडकं करंडीवर टाक, पण सगळी झाकू नको. दोन दिवस खाणार नाहीत, न खाऊ देत, पाणी बोटाने ओठाला लाव. तूही वर जाशील तेव्हा वारा लागेल, डोकं बांध. तुला लहानपणी कान दुखायचा.

पत्र मिळालं तर जहाज सुटायच्या आधी एक कार्ड टाक. दोन ओळी पुरेत. मांजरांचंच लिही. तुझं काय ते मी त्यातून वाचून घेईन.

तुझी
आजी